शिपाई रामजी ते सुभेदार रामजी



तुमसरहून आंबागडकडे निघालात की टेकडीवरचा किल्ला लांबूनच दिसू लागतो. देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या पदरी असलेल्या राजाखान पठाणाने तो १७००च्या सुमारास बांधला. पुढे किल्ला नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याचा कैदखाना केला. किल्ला पाहायला आलेला माणूस विचारतो, हा कुणी बांधला, किल्लेदार कोण होता. दरवाज्यावर रात्रभर पहारा करणाऱ्या शिपायाचे नाव कुणी विचारत नाही. विचारले तरी सांगणार कोण? ते कुठे लिहिलेलेच नाही.

आज मी तुम्हाला एका शिपायाची हकीकत सांगणार आहे. त्यांचे नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पण ते शिपाई होते हे आपण विसरून गेलो आहोत.

तुमच्या घरात भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर असेल. बऱ्याच घरांत माता रमाईचीही असते. सुभेदार रामजी सकपाळ यांची तसबीर मात्र मी फार थोड्या घरांत पाहिली आहे. मुलांना शाळेत एवढेच शिकवतात की बाबासाहेबांचे वडील सैन्यात सुभेदार होते. मुले ते वाक्य पाठ करतात आणि पुढच्या वाक्याकडे वळतात. पण आईच्या पोटातून कुणी सुभेदार होऊन येत नाही. रामजीही साधे शिपाई म्हणून भरती झाले. ते वर कसे चढले, चढताना काय सोसले आणि चढल्यावर हाती आलेल्या अधिकाराचे त्यांनी काय केले, हे आपल्या घरांतून बोलले गेले पाहिजे.

हे सांगण्याला आणखीही एक कारण आहे. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुले आज फौजेत आहेत. एखाद्या दिवशी मुलाचा फोन येतो, आई, मला फीत लागली, मी लान्स नाईक झालो. आई वस्तीत पेढे वाटते. पण त्या मुलाच्या मनात आनंदाबरोबर थोडी धास्तीही असते. काल ज्यांच्या शेजारी बसून जेवलो, ज्यांच्याबरोबर बराकीत थट्टामस्करी केली, त्यांनाच आज हुकूम द्यायचा. ते ऐकतील का? बाजूला जाऊन हसतील का? शिपायाला स्वतःची बंदूक आणि स्वतःचे बूट सांभाळले की पुरते. फीत लागली की दुसऱ्याच्या बुटांचीही जबाबदारी येते. सैन्यातल्या सगळ्या चढणीत ही पहिली पायरी सर्वांत अवघड, असे अनेक निवृत्त जवान सांगतात.

रामजींच्या काळी हिंदी माणसासाठी ही चढण अशी होती. सर्वांत खाली शिपाई, त्याच्यावर नाईक, मग हवालदार, मग जमादार, मग सुभेदार आणि सर्वांत वर सुभेदार मेजर. त्यातले जमादार हे पद आज नायब सुभेदार म्हणून ओळखले जाते. हे नाव १९६५ साली बदलले. सुभेदार मेजरच्या वर त्या काळी हिंदी माणसाला जागाच नव्हती. विलायतेहून नुकताच उतरलेला, ओठावर मिसरूडही न फुटलेला गोरा अधिकारी तीस वर्षे नोकरी केलेल्या सुभेदार मेजरच्या वर असे. हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचा.

आपल्या भंडारा जिल्ह्यात आपले पूर्वज जाडेभरडे कापड विणत, दुसऱ्याच्या शेतात राबत. पुढे कित्येकांचे पोट विडीवर आणि मॅंगनीजच्या खाणींवर चालले. फौजेची वाट इकडे त्या मानाने उशिरा आली. कोकणातली गोष्ट वेगळी होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या महारांना शंभर-सव्वाशे वर्षे मुंबई इलाख्याच्या पलटणीचा आधार होता. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला जे लढले, त्यांत आपले लोक होते, आणि तिथल्या स्तंभावर अखेरीस नाक येणारी त्यांची नावे कोरलेली आहेत. गावात ज्याची सावली चालत नव्हती त्याला पलटणीत गणवेश मिळत होता, महिन्याचा रोख पगार मिळत होता आणि म्हातारपणी पेन्शन मिळत होते.

रामजींचे मूळ गाव आंबवडे. हे गाव मंडणगड तालुक्यात आहे. गावदेवीची पालखी ठेवण्याचा मान सकपाळ घराण्याकडे होता. वर्षातून एकदा मान आणि बाकीचे दिवस अपमान, अशी ती स्थिती. रामजींचे वडील मालोजी हे कंपनी सरकारच्या सैन्यात नोकरी केलेले. त्यांच्या मुलांपैकी दोन जगली, रामजी आणि मीराबाई. ही मीराबाई पाठीने वाकलेली होती. पण घरात तिचा शब्द चाले, आणि पुढे बाबासाहेबांना आईच्या मायेने तिनेच वाढवले.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास, म्हणजे १८६६च्या सुमारास, रामजी पलटणीत शिपाई म्हणून भरती झाले. शिपायाचे आयुष्य त्या काळीही आजच्यासारखेच घड्याळाने बांधलेले. पहाटे बिगूल, मग हजेरी, कवायत, बंदुकीची निगा, पहारा, पुन्हा हजेरी. पगार थोडा, आणि त्यातून घरी पैसे पाठवायचे. हजारो मुले अशी भरती होत आणि वीस-पंचवीस वर्षांनी शिपाई किंवा फार तर नाईक होऊन गावी परतत.

याच काळात रामजींचे लग्न झाले, आणि त्यांच्या वर चढण्याच्या जिद्दीचे मूळ मला या लग्नातही दिसते. भीमाबाई या मुरबाडच्या लक्ष्मण मुरबाडकर यांची कन्या. मुरबाड ठाणे जिल्ह्यात आहे. मुरबाडकरांचे घराणे मोठे. भीमाबाईंचे वडील आणि सहाही चुलते सैन्यात सुभेदार मेजर होते असे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. घर संपन्न, नात्यागोत्यात वजन. आणि जावई कोण, तर साधा शिपाई. घरातल्या मंडळींना हे स्थळ कमीपणाचे वाटले, टोमणे झाले. भीमाबाई स्वाभिमानी. अंगावर दागिने घालून येण्याइतकी ऐपत येईल तेव्हाच माहेरचा उंबरा ओलांडीन, असा त्यांनी निश्चय केला. नवरा पलटणीबरोबर दूर असताना त्यांनी काटकसरीने संसार केला, रस्त्याच्या कामावर मजुरीही केली, असे सांगतात. भगिनींनो, सुभेदाराच्या लेकीने रस्त्यावर पाटी वाहिली, पण माहेरी हात पसरला नाही. शिपायाचा सुभेदार झाला त्यात या बाईचा वाटा किती होता, याचा हिशेब कुठल्याही लष्करी कागदात सापडणार नाही.

आता वर चढण्याची वाट पाहू. सैन्यातली बढती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लढाई येते, छातीवरची पदके येतात. रामजींना बढतीचा रस्ता सापडला तो पाटी-पेन्सिलीत.

कंपनी सरकारच्या आणि नंतर राणी सरकारच्या सैन्यात हिंदी शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलामुलींसाठी पलटणीच्या शाळा असत. दिवसा मुलामुलींची शाळा भरे, रात्री मोठ्या माणसांची. हे शिक्षण सक्तीचे होते. बाहेर गावात महाराच्या पोराला शाळेच्या पायरीवरही बसू देत नव्हते, त्या काळात पलटणीतल्या महाराच्या पोरीसुद्धा अक्षरे गिरवत होत्या. बाबासाहेबांनी पुढे या गोष्टीचे मोल फार मोठे मानले आहे. इंग्रजांच्या सैन्याने आपल्या समाजाला पगार दिला हे खरे, पण त्याहून मोठी वस्तू दिली ती ही शाळा, असे त्यांचे म्हणणे होते.

या शाळांना शिक्षक लागत. ते तयार करण्यासाठी पुण्यात सैन्याचे नॉर्मल स्कूल होते. त्यालाच पंतोजींची शाळा म्हणत. रामजींची हुशारी वरिष्ठांच्या नजरेत भरली आणि त्यांना तिथे धाडण्यात आले. तिथे त्यांनी अध्यापनाची परीक्षा दिली, इंग्रजीवर चांगला हात बसवला आणि ते लष्करी शाळेत शिक्षक झाले. पुढे चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि याच वाटेने ते सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले.

वाचकहो, इथे जरा थांबा. रामजींच्या अधिकाराची सुरुवात कवायतीच्या मैदानावर नाही, तर रात्रीच्या शाळेत झाली असे मी समजतो, आणि ते नीट पाहण्यासारखे आहे. दिवसभर कवायत करून दमलेले, मिशा पिकलेले शिपाई कंदिलाच्या उजेडात बसलेले आहेत. बोटे बंदुकीला सरावलेली, पेन्सिल धरता येत नाही. समोर उभा असलेला मास्तर त्यांच्यातलाच, कदाचित वयाने लहान. त्यांना हुकूम सोडून अक्षर काढायला लावता येत नाही. ओरडले तर उद्या ते शाळेला आजारी पडतील. चुकले तर हसायचे नाही. एकदा समजले नाही तर दहादा सांगायचे. अशा वर्गात जो माणूस टिकला, त्याला कंपनीपुढे उभे राहताना आवाज चढवावा लागत नाही. ज्या शिपायाला आपण घरचे पत्र वाचायला शिकवले तो शिपाई आपला शब्द मोडत नाही, हे साधे गणित आहे.

आपल्याकडे भीमा कोरेगावचा अभिमान सांगणारे पुष्कळ आहेत आणि तो सांगायलाच हवा. पण पुण्याच्या त्या पंतोजींच्या शाळेचा अभिमान सांगणारा मला अजून भेटला नाही. मला विचाराल तर बाबासाहेबांच्या घडणीत त्या शाळेचा हिस्सा स्तंभापेक्षा कमी नाही.

मुंबई इलाख्याच्या सैन्याची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बंगालच्या सैन्यात उच्च जातींचा वरचष्मा होता आणि तिथे सोवळेओवळे सांभाळले जाई. मुंबईच्या पलटणीत मराठा, महार, मुसलमान, परदेशी, ज्यू असे सारे एकाच कंपनीत असत, आणि बढती देताना जातीपेक्षा कर्तबगारी पाहण्याची चाल होती. त्यामुळे महार हवालदार होई, जमादार होई, सुभेदार होई. आणि गावात ज्याने त्याला वाटेवरून दूर हटवले असते त्यालाच पलटणीत त्याच्यापुढे टाचा जुळवून सलाम करावा लागे. तो सलाम माणसाला नसून हुद्द्याला होता, असे कुणी म्हणेल. असेल. पण शेकडो वर्षांत असा सलाम आपल्या वाट्याला प्रथमच येत होता.

रामजी या सलामाने फुगले नाहीत. ते कबीरपंथी होते. मांस-मद्याला शिवत नव्हते, आणि लष्करी छावणीत ही गोष्ट सोपी नव्हे. सकाळ-संध्याकाळ घरात भजन होई आणि मुलांनी हजर राहिलेच पाहिजे असा दंडक होता. महात्मा फुल्यांबद्दल त्यांना आदर होता. शिस्त कडक, बोलणे मोजके. रागही मोठा होता. घरातल्या मुलांनी तो अनुभवला आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महूच्या छावणीत त्यांच्या चौदाव्या अपत्याचा जन्म झाला. हे मूल म्हणजे भीमराव. त्या वेळी रामजी सैन्यातल्या चढणीच्या माथ्यावर होते. आणि पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, ती सारी चढणच आपल्या समाजासाठी बंद झाली. महारांची सैन्यभरती सरकारने थांबवली.

का थांबवली? महार भेकड ठरले म्हणून नव्हे. त्यांच्या शौर्याची साक्ष कोरेगावच्या दगडावर होती. त्या सुमारास लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा नवा सिद्धांत साहेबांच्या डोक्यात शिरला होता आणि जातवार कंपन्या, जातवार पलटणी करण्याचे धोरण आले होते. पण त्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती आणि बाबासाहेबांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले आहे. वरच्या जातीचे लोक सैन्यात मोठ्या संख्येने येऊ लागले तसा त्यांना महार सुभेदाराचा हुकूम मानणे जड जाऊ लागले. म्हणजे महार शिपाई कुणाला फारसा खुपत नव्हता. खुपला तो महार सुभेदार. तो दिसायला नको म्हणून शिपायाचेच दार बंद केले. शिपाई आला नाही की उद्याचा सुभेदार येणार नाही.

रामजींनी हे मुकाट्याने सोसले नाही. त्यांचे स्वतःचे पेन्शन पक्के होते. गप्प बसले असते तरी त्यांचे काही बिघडणार नव्हते. पण या बंदीविरुद्धच्या खटपटीत ते पुढे राहिले, आणि सरकारकडे पाठवायच्या अर्जासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची मदत घेण्यासाठी गेले, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. दुसरीकडे गोपाळबाबा वलंगकर झटत होते. वलंगकर हे १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि दापोलीस राहिलेले. १८८८ साली त्यांनी विटाळ विध्वंसन हे पुस्तक लिहिले आणि १८९४ साली भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. हे दोघेही पलटणीतून वर आलेले. समाजाच्या गाऱ्हाण्याला पहिल्यांदा कागदावर मुद्देसूद उतरवणारी माणसे आपल्याला पलटणीच्या शाळेने दिली, हे यावरून दिसेल.

अर्जांनी दार उघडले नाही. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार्स ही पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी बटालियन १९४२ साली कामठीला उभी राहिली. कामठी म्हणजे आपल्या भंडाऱ्यापासून काही तासांची वाट. महार रेजिमेंटचे केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. वडिलांच्या पन्नास वर्षे जुन्या अर्जाचा निकाल मुलाने लावून घेतला. पण तो दिवस पाहायला रामजी नव्हते, आणि आपण पुन्हा त्यांच्याकडे वळू.

१८९३-९४च्या सुमारास रामजी पेन्शनीत निघाले. पेन्शन महिना पन्नास रुपये. दापोलीच्या छावणीत आपल्या पेन्शनरांची मोठी वस्ती होती. रामजी मुलाबाळांसह तिथे आले, आणि तिथून साताऱ्याला गेले. साताऱ्यास त्यांनी पुन्हा सरकारी नोकरी धरली. १८९६ साली भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचा. चौदा अपत्यांपैकी जी जगली ती पाच : बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा.

पेन्शनीनंतर रामजींना हुद्द्याची खरी किंमत कळली असेल. पलटणीत ते सुभेदार होते. पलटणीच्या दरवाज्याबाहेर ते केवळ महार होते. दुष्काळी कामावर तलाव बांधला जात होता, तिथे खटाव तालुक्यात रामजी रोखपाल होते. १९०१च्या सुमारास मुले त्यांना भेटायला निघाली. अंगावर चांगले कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांना पाठवलेले पत्र नोकराच्या विसराळूपणामुळे पोहोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तराने जात विचारली आणि तो मागे सरकला. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, पण गाडीवान गाडीत बसेना. मुलांनीच बैल हाकायचे आणि त्याने पायी चालायचे. वाटेत रात्रभर कुणी पाणी दिले नाही. जवळ जेवणाचा डबा होता, पण पाण्यावाचून घास उतरेना. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. सुभेदाराच्या मुलांना पाण्याचा घोट मिळाला नाही. मुले पोहोचल्यावर बापाच्या मनाचे काय झाले असेल, ते तुम्हीच मनात आणा. ज्या माणसाने शेकडो शिपाई हाताळले, त्याला आपल्या मुलांसाठी एका गावात लोटाभर पाण्याची सोय करता येत नव्हती.

दुसरा एखादा असता तर पेन्शनीत हुक्का ओढत जुन्या गोष्टी सांगत बसला असता. रामजींनी पलटण संपल्यावर नवी पलटण धरली. ही पलटण एका मुलाची.

साताऱ्याहून ते मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. तीच खोली स्वयंपाकाची, तीच झोपण्याची, तीच अभ्यासाची. एका बाजूला जाते, शेजारी शेळी. भीमरावाचे नाव एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. घरी रामजी स्वतः शिकवत. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतल्या. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, यावर ते अडून बसत. बाबासाहेबांच्या इंग्रजीपुढे पुढे विलायतेतले पंडित थक्क झाले. त्या इंग्रजीचे पहिले मास्तर पुण्याच्या नॉर्मल स्कुलात तयार झालेले हे पेन्शनर सुभेदार होते.

खोली लहान, माणसे जास्त, म्हणून रामजींनी पहाऱ्याची पाळी लावावी तशी झोपेची पाळी लावली. भीमराव संध्याकाळी लवकर झोपे. रामजी जागे राहत. पहाटे दोनच्या सुमारास ते मुलाला उठवत, रॉकेलचा दिवा लावून देत आणि मग त्याच्या जागी स्वतः अंग टाकत. आयुष्यभर रात्रीचा पहारा केलेला माणूस म्हातारपणीही पहाराच करीत होता.

मुलाला पुस्तकांची भूक अमर्याद. पेन्शन पन्नास रुपये, आणि त्यात घर चालवायचे. भीमरावाने पुस्तक मागितले की रामजी नाही म्हणत नसत. लग्न झालेल्या लेकीकडे जात, चार रुपये उसने मागत. तिच्याकडे नसले तर दुसरीकडे जात, आणि तिच्याकडेही नसले तर तिचा दागिना मागून आणत, तो गहाण टाकत, पुस्तक घेत आणि पेन्शन मिळाले की दागिना सोडवून लेकीच्या हाती परत देत. भीमाबाईने ज्या दागिन्यांसाठी निश्चय केला होता, त्याच जातीचे दागिने आता पुस्तकांसाठी सावकाराकडे जात होते. सुभेदार म्हणून सलाम घेतलेल्या माणसाला लेकीच्या दारात उसन्यासाठी उभे राहायला संकोच वाटला नसेल का? वाटला असेल. तरी ते जात.

रामजींमध्ये दोष नव्हते असे मी म्हणणार नाही. त्यांनी दुसरे लग्न केले आणि ते लहान भीमरावाला मुळीच रुचले नाही. आईचे दागिने दुसऱ्या बाईच्या अंगावर पाहून तो चिडला. बाप-लेकांत पुढेही मतभेद झाले. थोर माणसांना देव केले की त्यांच्यापासून शिकता येत नाही, म्हणून हेही सांगितले पाहिजे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. आपल्या समाजात ती अपूर्व गोष्ट होती. समाजाने सभा भरवली, सी. के. बोले अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र भीमरावाला भेट दिले. कबीरपंथी सुभेदाराच्या त्या एका खोलीत बुद्ध आले ते असे.

१९१२ साली भीमराव बी. ए. झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती त्यांनी घेतली होती, म्हणून नोकरीसाठी त्यांनी बडोद्याला जायचे ठरवले. रामजींना ते पसंत नव्हते. संस्थानात जातीचा जाच किती असेल, हे मसूरचा अनुभव गाठी असलेल्या बापाला सांगावे लागत नव्हते. मुलगा ऐकेना. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याला गेले, आणि त्यांची नेमणूक झाली ती बडोदा संस्थानच्या सैन्यात, लेफ्टनंट म्हणून.

रामजींना अठराव्या वर्षी शिपायाच्या रांगेत उभे राहावे लागले होते. नाईक, हवालदार, जमादार अशी एकेक पायरी चढायला अर्धे आयुष्य गेले, आणि चढून गेल्यावरही वर गोऱ्या लेफ्टनंटची खुर्ची होतीच. त्या खुर्चीला हिंदी माणसाने हात लावायचा नसे. संस्थानचे सैन्य का होईना, पण त्यांचा मुलगा पहिल्याच दिवशी लेफ्टनंट म्हणून रुजू झाला.

ती नोकरी फार दिवस टिकली नाही. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार बडोद्याला पोहोचली. भीमराव निघाले. वाटेत सुरत स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी उशिरा ते मुंबईला घरी पोहोचले. रामजी अंथरुणाला खिळले होते, बोलणे बंद झाले होते. डोळे मात्र दरवाज्याकडे लागलेले. मुलगा जवळ आला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवरून क्षीण हात फिरवला.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी सकपाळ गेले. भीमराव पुन्हा बडोद्याच्या सैन्यात रुजू झाले नाहीत. त्याच वर्षी जुलै महिन्यात ते कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरले.